तीनशे वर्षे राहूनही 'नवे' : जर्मनीतल्या काळ्या माणसांनी स्वतःला नाव कसे दिले

आपल्या चळवळीत काळ्या माणसांचा इतिहास म्हटला की अमेरिका डोळ्यांसमोर येते. ते स्वाभाविकही आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नावच तिथल्या ब्लॅक पँथरकडून घेतले. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स आपल्या तरुणांना ठाऊक असतात. पण युरोपातल्या काळ्या माणसांविषयी विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : तिथे गोरे राहतात, काळे हल्ली हल्ली आले. आता आपली मुले शिकायला जर्मनीला जाऊ लागली आहेत. 'तिकडे जात नाही, भेद नाही, फी पण नाही' असे सांगितले जाते. फीचे बऱ्याच अंशी खरे आहे. भेदाचे मात्र तपासून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जर्मनीत काळी माणसे तीनशे वर्षांपासून आहेत. त्यांना मारले, डांबले, प्रदर्शनात मांडले, हे सगळे झालेच. पण सर्वात चिवट अन्याय वेगळाच होता. प्रत्येक पिढीला 'तुम्ही नुकतेच आलात' असे सांगितले गेले. आधीच्या पिढीची आठवण पुसली गेली, त्यामुळे पुढच्या पिढीला वारसा मिळाला नाही आणि समाज म्हणून उभेही राहता आले नाही. हा डाव १९८४ नंतर काही तरुण मुलींनी मोडला. तो कसा मोडला, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात अंतोन विल्हेल्म आमोपासून करू. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर आक्सिम नावाचे गाव आहे. तिथे १७०३ च्या सुमारास जन्मलेले हे मूल लहानपणीच युरोपात नेले गेले आणि ब्राउनश्वाइगच्या ड्यूककडे 'भेट' म्हणून पोहोचले. होय, माणूस भेट म्हणून. त्या काळी काळा नोकर दरबारात असणे ही राजेरजवाड्यांची हौस होती. पण हे मूल शिकले. हाले विद्यापीठात १७२९ साली आमोने कायद्यावर प्रबंध मांडला. त्याचा विषय होता, युरोपातल्या काळ्या माणसांचे कायदेशीर हक्क. पुढे विटेनबर्गला १७३४ मध्ये त्याने तत्त्वज्ञानातला प्रबंध दिला, हाले आणि येना इथे शिकवले, आणि शेवटी १७४७ च्या सुमारास तो आफ्रिकेला परत गेला. हक्कांवरचा तो पहिला प्रबंध आज उपलब्ध नाही. मन आणि शरीर यांवरचा प्रबंध टिकला, हक्कांवरचा हरवला. हा योगायोग असेलही. पण ज्यांचा इतिहास नेहमी हरवतच जातो, त्यांना असे योगायोग ओळखता येतात.

आमोनंतरच्या शतकात काळ्या माणसाकडे पाहण्याची जर्मन नजर आणखी कठोर झाली. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनच्या विल्हेल्मश्ट्रासेवर बिस्मार्कने परिषद भरवली. आफ्रिका कशी वाटून घ्यायची याचे नियम तिथे ठरले आणि त्या टेबलाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता. जर्मनीच्या वाट्याला टोगो, कामेरून, नैर्ऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) आणि पूर्व आफ्रिका आले. नामिबियात १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी उठाव केला, तेव्हा जनरल फॉन ट्रोथाने त्यांना वाळवंटात हाकलून संपवण्याचा लेखी हुकूम काढला. नंतर नामा लोकांचीही तीच गत झाली. उरलेल्यांना छळछावण्यांत कोंडले. जर्मन सरकारने याला 'वंशसंहार' म्हणायला २०२१ साल उजाडले.

याच नामिबियात १९०५ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या विवाहांवर बंदी आली. कारण काय? जर्मन कायद्यात नागरिकत्व रक्तावरून ठरत होते. जर्मन बापाचे औरस मूल जर्मन नागरिक. म्हणजे लग्ने होत राहिली तर काळी मुले जर्मन ठरणार. मग लग्नच बंद करा! मनुस्मृतीतला वर्णसंकराचा धाक ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे तर्कशास्त्र परके वाटणार नाही. १९०८ साली ऑयगेन फिशर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या रेहोबोथ गावी जाऊन मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापे घेऊन आला. हे नाव लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

इकडे बर्लिनमध्ये १८९६ साली ट्रेप्टो भागात वसाहतींचे प्रदर्शन भरले. वसाहतींतून शंभराहून अधिक माणसे आणून, खोटी गावे उभारून त्यांत ती लोकांना पाहण्यासाठी ठेवली. त्यांच्यातल्या कामेरूनच्या क्वेले एन्डुम्बेने काय केले? त्याने नाटकगृहात वापरतात तसली दुर्बीण घेतली आणि ती डोळ्यांना लावून बघ्यांनाच न्याहाळू लागला. विद्रोहाची सुरुवात कधी कधी इतक्या साध्या कृतीने होते. याच प्रदर्शनात आलेला मार्टिन डिबोबे बर्लिनमध्येच राहिला आणि नव्या शहर-रेल्वेत गाडीचालक झाला. पहिले महायुद्ध हरून जर्मनीने वसाहती गमावल्या, तेव्हा जून १९१९ मध्ये त्याने आणखी १७ आफ्रिकी साथीदारांसह राष्ट्रीय सभेला अर्ज दिला. त्यात ३२ मागण्या होत्या. समान हक्क, मारहाण आणि सक्तीच्या मजुरीचा अंत, मिश्रविवाहांना मान्यता, संसदेत स्वतःचा प्रतिनिधी. प्रतिनिधित्वाची मागणी १९१९ साली! त्याच वर्षी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी साक्ष दिली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, मागणी एकच होती. डिबोबेच्या अर्जाची सरकारने दखल घेतली नाही.

त्यानंतरचा प्रसंग ऱ्हाइन नदीच्या काठचा आहे. युद्धानंतर ऱ्हाइनलँड दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला. फ्रेंच सैन्यात सेनेगल, मोरोक्को, मादागास्कर इथले शिपाई होते. काळ्या शिपायांनी जर्मनीवर पहारा द्यावा, हा जर्मन वर्तमानपत्रांना 'काळा कलंक' वाटला. त्या नावाने मोठी मोहीमच चालली. (बाबासाहेबांनी १९२१ मध्ये नाव नोंदवले ते बॉन विद्यापीठ याच ताब्यातल्या ऱ्हाइनलँडमध्ये येते.) या शिपायांपासून जर्मन स्त्रियांना जी मुले झाली, ती संख्येने काहीशेच होती. अविवाहित जर्मन आईचे मूल म्हणून त्यातली बहुतेक कायद्याने जर्मन नागरिक होती. त्यांना देशाबाहेर काढता येत नव्हते. मग हिटलरच्या राजवटीने १९३७ मध्ये गेस्टापोचे खास पथक नेमले आणि निदान ३८५ मुलामुलींची नसबंदी केली. वंध्यीकरणाचा जो कायदा नाझींनीच १९३३ मध्ये केला होता, त्यातही हे बसत नव्हते. म्हणून सगळे गुपचूप उरकले. मुलांच्या वंशाची तपासणी करून दाखला देणाऱ्या तज्ज्ञांमध्ये ऑयगेन फिशर आणि त्याच्या बर्लिनच्या संस्थेतली माणसे होती. नामिबियातली मोजपट्टी तीस वर्षांनी ऱ्हाइनकाठी पोहोचली ती अशी. युद्धानंतर फिशरवर खटला चालला नाही. १९५२ मध्ये जर्मन मानववंशशास्त्र संस्थेने त्याला सन्माननीय सदस्यत्व दिले.

नाझी काळातून जे तगले, ते एकेकटे तगले. हांबुर्गमध्ये १९२६ साली जन्मलेला हान्स मासाक्वॉय जर्मन परिचारिकेचा मुलगा. आपणही इतर मुलांसारखे असावे म्हणून त्याने लहानपणी स्वेटरवर स्वस्तिक शिवून घेतले होते. त्याला हिटलरच्या बालसंघटनेत जायचे होते, आणि आपल्याला का घेत नाहीत हे त्याला कळत नव्हते. पुढे तो अमेरिकेत गेला आणि 'एबनी' मासिकाचा संपादक झाला. बर्लिनमध्ये १९२५ साली जन्मलेल्या थेओडोर वोन्या मिशाएलला लहानपणी 'मानवी प्रदर्शनां'त नाचवले गेले. तरुणपणी तो नाझींच्या चित्रपटांत काळ्या नोकराची आणि रानटी माणसाची कामे करून जगला, कारण स्टुडिओला काळे चेहरे लागतच होते. ज्याला देशात जागा नाही, त्याला पडद्यावर जागा होती, तीही पंखा हलवण्याची.

आता एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. आपले पूर्वज गावाबाहेर ठेवले गेले, पण ते एकत्र होते. महारवाडा हा अपमान होता. तिथेच जलसे झाले, तिथेच सभा भरल्या, तिथूनच माणसे चवदार तळ्याला निघाली. जर्मनीतल्या काळ्या मुलाला असा वाडा नव्हता. आई गोरी, आजी-आजोबा गोरे, शाळा गोरी, गल्ली गोरी. बाप आफ्रिकेत किंवा अमेरिकेत निघून गेलेला, नाहीतर हुसकावलेला. घरात आरसा सोडला तर आपल्यासारखे कोणीच नाही. अशा मुलाला 'तू कुठली?' हा प्रश्न दिवसातून दहादा विचारला जातो. 'हांबुर्गची' म्हटले की पुढचा प्रश्न, 'नाही, मूळची कुठली?' आपल्याकडे नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' विचारतात, त्याचा हा भाऊबंद. पण आपण निदान घरी येऊन आईला सांगू शकतो. तिथे आईलाही ते समजेल याची खात्री नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यातल्या काळ्या शिपायांची आणि जर्मन स्त्रियांची पाच हजारांच्या आसपास मुले जन्मली. ती शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा, १९५२ साली, जर्मन संसदेत त्यांचे काय करायचे यावर चर्चा झाली. इथले हवामानही त्यांना मानवणारे नाही, असे एका सदस्येने मांडले. मुले तिथेच जन्मली होती! त्याच वर्षी 'टॉक्सी' नावाचा चित्रपट आला. एका सुखवस्तू घराच्या दारात एक काळी मुलगी सापडते, सगळ्यांना लळा लावते, आणि शेवटी तिचा बाप अमेरिकेहून येऊन तिला घेऊन जातो. प्रेक्षकांनी डोळे पुसले. त्यांना सुखान्त कशात वाटला, ते पाहा. मूल गोड आहे, पण ते इथून गेले पाहिजे. प्रत्यक्षातही बऱ्याच मुलांना दत्तक देऊन अमेरिकेला पाठवले गेले.

इथे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची आठवण होते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले आणि ज्यांनी त्याला उत्तरही दिले, तेच डू बॉइस. ते १८९२ ते १८९४ या काळात बर्लिनला शिकायला होते, आणि गोऱ्या माणसांनी आपल्याला माणूस म्हणून वागवल्याचा पहिला अनुभव त्यांना युरोपात आला, असे त्यांनी पुढे लिहिले. आम्ही त्यावर शंका घेत नाही. पण ते परत जाणारे विद्यार्थी होते. पाहुण्याला चांगले वागवायला फारसे काही सोडावे लागत नाही. तोच माणूस 'मी इथलाच, माझा वाटा द्या' म्हणाला की यजमानाचा चेहरा बदलतो. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मित्रांनी तिथल्या गोडव्याचे वर्णन करताना हे ध्यानात ठेवावे.

आता १९८४. अमेरिकेतल्या काळ्या कवयित्री ऑड्री लॉर्ड त्या वर्षी पश्चिम बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत पाहुण्या प्राध्यापक म्हणून आल्या. त्यांच्या वर्गात काही काळ्या जर्मन मुली येऊन बसत. लॉर्ड यांनी त्यांना एकमेकींशी बोलायला लावले. आयुष्यभर एकट्या वाढलेल्या मुलींना समोर दुसरी तशीच दिसली. त्या बोलण्यातून एक शब्द तयार झाला, 'आफ्रो-डॉइच', म्हणजे आफ्रिकी जर्मन. तोवर त्यांच्यासाठी जे शब्द होते ते सगळे इतरांनी ठेवलेले होते : 'निग्रो', 'मिश्लिंग' म्हणजे संकरित, 'ताब्याच्या काळातले मूल'. आपल्यावर 'हरिजन' शब्द लादला गेला तेव्हा तो नाकारणे ही राजकीय कृती होती, तशीच ही. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जर्मन भाषेत विशेषणाचे पहिले अक्षर लहान लिहितात. या लोकांनी स्वतःसाठी 'श्वार्त्स', म्हणजे काळा, हे विशेषण मुद्दाम मोठ्या अक्षराने लिहायला सुरुवात केली. रंगाचे वर्णन म्हणून तो शब्द वापरायचा नाही, राजकीय ओळख म्हणून वापरायचा. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे ही खुबी मराठीत उतरवता येत नाही, पण 'दलित' हा शब्द पँथरने ज्या ताठ मानेने उच्चारला, तो आठवला की अर्थ लागतो.

या गटात मे ओपित्स होत्या, ज्या पुढे मे आयिम या नावाने ओळखल्या गेल्या. जन्म हांबुर्गचा, १९६० चा. वडील घानाहून आलेले वैद्यकीचे विद्यार्थी, आई जर्मन. त्या एका गोऱ्या कुटुंबात वाढल्या. रेगेन्सबुर्ग विद्यापीठात त्यांनी आफ्रिकी जर्मनांच्या इतिहासावर प्रबंध लिहायचे ठरवले, तेव्हा आजच्या जर्मनीत वंशभेद उरलेलाच नाही असे उत्तर त्यांना मिळाले, असे सांगितले जाते. 'आता कुठे राहिली जात?' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. त्यांनी तो प्रबंध लिहिलाच. त्याच्या आधारावर कातारीना ओगुंतोये, मे आणि प्रकाशक डागमार शुल्त्स यांनी १९८६ साली 'फार्बे बेकेनन' हे पुस्तक काढले. शब्दशः अर्थ 'रंग कबूल करणे'. पत्त्यांच्या खेळातून आलेला हा वाक्प्रचार आहे आणि बोलण्यात त्याचा अर्थ होतो, आपली बाजू उघडपणे घेणे. त्यात मध्ययुगापासूनचा इतिहास आहे, वसाहतकाळ आहे, ऱ्हाइनलँडची मुले आहेत आणि वेगवेगळ्या वयांच्या स्त्रियांची स्वतःची कथने आहेत. त्यांत दोन वयस्क बहिणी आहेत, ज्यांचा बाप कामेरूनहून आला होता. विशीतल्या मुलींना आपल्याच देशात आपल्या आजीच्या वयाच्या काळ्या जर्मन स्त्रिया भेटल्या. 'तुम्ही नुकतेच आलात' या वाक्याला याहून सणसणीत उत्तर कोणते असणार?

पुस्तकाच्या आगेमागेच संघटना उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वीसबाडेनला पहिला देशव्यापी मेळावा झाला आणि त्यातून 'काळ्या जर्मनांचा पुढाकार' ही संघटना निघाली. पुढे तिने नाव बदलून 'जर्मनीतल्या काळ्या माणसांचा पुढाकार' असे केले. हा बदल आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मन पासपोर्ट असलेल्यांनी पासपोर्ट नसलेल्या निर्वासितांसाठीही दार उघडे ठेवले. स्वतःला जागा मिळाली की मागून येणाऱ्याला ढकलायचे, हा मोह कोणत्याही शोषित समूहाला होतो. काळ्या स्त्रियांची 'अडेफ्रा' ही संघटनाही त्याच सुमारास सुरू झाली.

मग भिंत पडली. 'आपण एक राष्ट्र' अशा घोषणा झाल्या, आणि त्या 'आपण'मध्ये कोण नाही हेही लगेच कळले. पूर्व जर्मनीत अंगोला आणि मोझांबिकहून करारावर आणलेले कामगार होते. त्यांच्यापैकी अंगोलाच्या आमादेउ आंतोनिओ या तरुणाला नोव्हेंबर १९९० मध्ये एबर्सवाल्डे शहरात नवनाझी टोळक्याने मारले. ६ डिसेंबर रोजी तो रुग्णालयात मरण पावला. मे आयिम यांनी त्या एकीकरणाच्या उन्मादावर कविता आणि लेख लिहिले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्याची कारणे एका ओळीत सांगणे अन्यायाचे होईल. ७ जानेवारी २००५ रोजी देसाऊच्या पोलीस कोठडीत सिएरा लिओनचा ऊरी जालो गादीला बांधलेल्या अवस्थेत जळून मेला. एका पोलीस अधिकाऱ्याला निष्काळजीपणाबद्दल दंड झाला. हे सगळे स्वीकारायला त्याचे मित्र आणि चळवळ तयार नाहीत, म्हणून दर ७ जानेवारीला त्या गावात मोर्चा निघतो.

मोजणीचा प्रश्नही आहेच. नाझींच्या आठवणीमुळे जर्मन सरकार वंशानुसार गणना करत नाही. हेतू चांगला, परिणाम असा की काळी माणसे किती, कुठे, कोणत्या नोकऱ्यांत, हे कागदावरच येत नाही. म्हणून बर्लिनच्या 'ईच वन टीच वन' या संस्थेने इतरांसोबत स्वतःच 'आफ्रोत्सेन्झस' म्हणजे आपली गणना केली. सुमारे सहा हजार माणसांनी उत्तरे दिली आणि २०२१ मध्ये अहवाल आला. वंशभेदाविषयी बोललो तर आमच्यावर विश्वास ठेवला जात नाही, असे सांगणारे नव्वद टक्क्यांहून अधिक निघाले. जातनिहाय गणनेला 'त्याने जातीयवाद वाढेल' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. याच संस्थेचे ग्रंथालय फेरा हेयर या काळ्या जर्मन स्त्रीने आयुष्यभर जमवलेल्या काळ्या लेखकांच्या पुस्तकांतून उभे राहिले आहे. त्या गेल्या १९९५ मध्ये. ग्रंथालयाचे दार उघडले २०१४ मध्ये. मधली एकोणीस वर्षे मित्रांनी ती पुस्तके सांभाळली.

आणि शेवटी रस्त्यांची नावे. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात नदीकाठाला ग्रोबेन या सरदाराचे नाव होते. त्याने १६८३ मध्ये घानाच्या किनाऱ्यावर किल्ला बांधला, आणि तिथून हजारो माणसे गुलाम म्हणून विकली गेली. चळवळीच्या रेट्यामुळे २०१० साली त्या काठाला मे आयिम यांचे नाव दिले गेले. त्याहून लांबला तो मोरेनश्ट्रासेचा लढा. 'मोर' हा काळ्या माणसासाठीचा जुना हिणकस शब्द. त्या नावाचा रस्ता बर्लिनच्या मध्यभागी अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. तो जाऊन मिळतो विल्हेल्मश्ट्रासेला, जिथे आफ्रिकेची वाटणी झाली. संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, फलकांवर कागद चिकटवले. २०२० मध्ये महापालिकेच्या विभागीय सभेने ठराव केला की या रस्त्याला अंतोन विल्हेल्म आमोचे नाव द्यायचे. लगेच काही रहिवासी न्यायालयात गेले. त्यांचे युक्तिवाद आपल्या ओळखीचेच होते. नाव बदलून काय होणार, परंपरा आहे, पत्ते बदलावे लागतील, एवढे वाईट कोणाला वाटते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १९९४ मध्ये. त्या सोळा वर्षांत हे सगळे आपण ऐकले, आणि आपल्या वस्त्या जळताना पाहिल्या. बर्लिनला तसे झाले नाही, दावे चालले पाच वर्षे.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची स्थगिती उठली आणि नवे फलक लागले. ज्या माणसाला भेटवस्तू म्हणून जर्मनीत आणले आणि ज्याने हक्कांवर प्रबंध लिहिला, त्याचे नाव दावे लावणाऱ्या त्या रहिवाशांना आता रोज आपल्या पत्त्यात लिहावे लागते.